न दिसणाऱ्या ग्रहांचे वजन

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावातून, जेथे शहरी दिव्यांचा उजेड आकाश फारसे धुवून टाकत नाही, मे महिन्याच्या आरंभी पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ माथ्यापर्यंत नजर नेली, तर भुजंगधारी या तारकासमूहाच्या पूर्व भागात ‘७० भुजंगधारी’ नावाचा एक मंद तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो त्याला प्रकाशवर्ष म्हणतात, हे ध्यानात घेतले, तर ताऱ्यांच्या जगात हा आपला शेजारीच म्हणावा लागेल. तरीही या ताऱ्याभोवती गुरूएवढा एखादा ग्रह फिरत असता, तर तो डोळ्यांना दिसला नसता आणि मोठ्या दुर्बिणीतूनही त्याला वेगळे पाहणे अतिशय अवघड गेले असते. सूर्य जेवढा प्रकाश बाहेर टाकतो त्याच्या सुमारे शंभर कोटीव्या भागाएवढाच प्रकाश गुरू परावर्तित करतो आणि दुरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो सूर्याच्या झगमगाटात बुडून जातो.

असे असताना, सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांविषयी, म्हणजे बाह्यग्रहांविषयी, ‘याचे वस्तुमान गुरूच्या निम्मे आहे’ किंवा ‘हा चार दिवसांत एक फेरी पूर्ण करतो’ अशी विधाने शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर करतात, हा प्रश्न कोणत्याही जिज्ञासू वाचकाला पडणे साहजिक आहे. वस्तुमान म्हणजे एखाद्या वस्तूत सामावलेल्या द्रव्याचे प्रमाण. बोलीत त्यालाच वजन म्हटले जाते. जी वस्तू दिसतच नाही तिचे वजन करण्याची रीत समजून घेण्यासाठी लक्ष ग्रहावरून काढून ताऱ्यावर न्यावे लागते.

फुगडीतील समतोल

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो, असे शाळेत शिकवले जाते; पण ते विधान अपुरे आहे. नागपंचमीला थोरली आणि धाकटी बहीण हात धरून फुगडी घालतात तेव्हा दोघीही गरगर फिरत असतात. मात्र वजनदार थोरलीचे वर्तुळ लहान असते, हलक्या धाकटीचे मोठे असते आणि दोघींच्या मधला जो बिंदू जागच्या जागी राहतो, तो थोरलीच्या अंगाला अधिक जवळ असतो. तारा आणि ग्रह यांचेही असेच असते. त्यांच्यामधील हात म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि तो स्थिर बिंदू म्हणजे दोघांचा गुरुत्वमध्य. ताऱ्याचे वस्तुमान ग्रहापेक्षा जितक्या पटींनी जास्त, तितक्याच पटींनी त्याचे वर्तुळ लहान आणि वेगही कमी असतो.

गुरूच्या ओढीमुळे सूर्यही असाच फिरतो. दोघांचा गुरुत्वमध्य सूर्याच्या केंद्रापासून सुमारे ७ लाख ४२ हजार किलोमीटरांवर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो आणि सूर्य त्याभोवती सुमारे १२ वर्षांत एक फेरी सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर या वेगाने पूर्ण करतो. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा वेग तर सेकंदाला केवळ ९ सेंटिमीटर आहे. बाह्यग्रहांच्या अभ्यासाचा बराच मोठा भाग ताऱ्यांची ही बारीक हालचाल पकडण्यात खर्ची पडला आहे.

पुण्यात सुरू झालेली मोजणी

या हालचालीवरून न दिसणाऱ्या ग्रहाचा माग काढण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एकाची पूर्वपीठिका महाराष्ट्रात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अभियंता विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली आणि पाच फुटी दुर्बिणीने जोडताऱ्यांचे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांचे, वेध घेऊन २४४ जोड्यांची सूची तयार केली. १८४८ च्या अखेरीस त्यांची मद्रास वेधशाळेचे संचालक म्हणून नेमणूक झाली, तरी जोडताऱ्यांवरील त्यांचे लक्ष कायम राहिले.

७० भुजंगधारी हाही जोडतारा आहे. त्यातील दोन तारे सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. गणिताने आखलेल्या लंबवर्तुळावर दुसरा तारा ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी दिसत नाही, थोडा मागेपुढे सरकलेला आढळतो, असे जेकब यांच्या ध्यानात आले आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी असे प्रतिपादन केले, की या जोडीत न दिसणारा ग्रहासारखा तिसरा पिंड असणे बरेच संभवनीय आहे. १८९६ मध्ये टी. जे. जे. सी या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने हाच दावा पुढे नेऊन त्या पिंडाला ३६ वर्षांची कक्षाही नेमून दिली. परंतु १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले, की असा तिसरा पिंड त्या कक्षेत टिकूच शकणार नाही. आजवर या जोडताऱ्याभोवती एकाही ग्रहाची खात्री पटलेली नाही.

जेकब यांचे चुकले कोठे, हे साध्या हिशेबाने कळते. आकाशातील कोन अंश, कला आणि विकला यांत मोजतात. एका अंशात ३,६०० विकला असतात. गुरूएवढा ग्रह गुरूएवढ्याच अंतरावरून ७० भुजंगधारीमधील मोठ्या ताऱ्याला ओढत असेल, तर तो तारा आपल्या मध्यम जागेपासून सुमारे एक सहस्रांश विकला सरकेल. चंद्रावर उभा असलेला माणूस पृथ्वीवरून जेवढ्या कोनात सामावेल, साधारण तेवढाच हा कोन आहे. जेकब यांच्या काळी दुर्बिणीतील बारीक तारांच्या मापकाने दोन ताऱ्यांमधील अंतर मोजताना होणारी चूक एक दशांश विकलेच्या घरात असे, म्हणजे जे शोधायचे त्याच्या शंभरपट. रीत बरोबर होती, पण काटा तेवढा बारीक नव्हता.

प्रकाशातून वेग

जागेतील बदल मोजता येत नसेल तर वेगातील बदल मोजावा, हा दुसरा मार्ग पुढे अधिक फलदायी ठरला. ताऱ्याचा प्रकाश लोलकासारख्या साधनातून पसरवला, की रंगांचा पट्टा मिळतो. त्याला वर्णपट म्हणतात. या पट्ट्यात ठिकठिकाणी बारीक काळ्या रेषा असतात, कारण ताऱ्याच्या वातावरणातील लोह, सोडियम, कॅल्शियम यांसारखी मूलद्रव्ये ठराविक रंगांचा प्रकाश शोषून घेतात. तारा आपल्याकडे येत असेल तर प्रकाशलहरी दाबल्या जाऊन या रेषा निळ्या बाजूकडे सरकतात आणि तारा दूर जात असेल तर लहरी ताणल्या जाऊन रेषा तांबड्या बाजूकडे सरकतात. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. रेषा किती सरकल्या हे मोजले, की ताऱ्याचा आपल्या दिशेतला वेग कळतो. आणि तो वेग ठराविक काळाने वाढत-घटत राहिला, तर ताऱ्याला कोणीतरी ओढत असल्याची शंका बळावते.

ही मोजणी अतिशय नाजूक असते. सेकंदाला ५६ मीटर वेगामुळे प्रकाशाच्या तरंगलांबीत पडणारा फरक सुमारे ५४ लाखांत एक एवढाच असतो; त्यामुळे एकाच वेळी शेकडो-हजारो रेषांची सरासरी काढली जाते आणि वर्णपट नोंदवणारे यंत्र स्थिर तापमानात, धक्का न लागेल अशा तऱ्हेने ठेवले जाते.

चार आकड्यांतून एक ग्रह

६ ऑक्टोबर १९९५ रोजी मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाची घोषणा केली. फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत केलेल्या या कामासाठी २०१९ चे भौतिकशास्त्राचे निम्मे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. त्या ताऱ्याचा वेग दर ४.२३ दिवसांनी, मध्यम वेगाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५६ मीटर प्रतिसेकंद एवढा हेलकावतो. एवढ्या माहितीवरून ग्रहाचे वजन कसे काढतात, हे टप्प्याटप्प्याने पाहण्याजोगे आहे.

पहिला टप्पा ताऱ्याच्या वस्तुमानाचा. ताऱ्याचा रंग, तापमान आणि तेज यांवरून त्याचे वस्तुमान अंदाजता येते, पण तो अंदाज विश्वासार्ह ठरतो तो जोडताऱ्यांमुळे. जोडीतील ताऱ्यांमधील अंतर आणि फेरीचा काळ कळला, की त्यांचे एकत्रित वस्तुमान थेट निघते. ७० भुजंगधारीचेच उदाहरण घेतले, तर त्यातील ताऱ्यांमधील सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या २३.३ पट आहे आणि फेरीचा काळ ८८.४ वर्षे आहे. अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागले, की उत्तर येते सुमारे १.६, म्हणजे दोन्ही ताऱ्यांचे मिळून वस्तुमान १.६ सूर्यांएवढे. अशा जोड्यांवरून तयार झालेल्या कोष्टकांतूनच एकट्या ताऱ्यांची वस्तुमाने ठरतात. जेकब यांना ग्रह सापडला नाही, तरी ज्या प्रकारच्या ताऱ्यांची त्यांनी पुण्यात नोंद केली, त्यांच्याविना आज कोणत्याही बाह्यग्रहाचे वजन करता आले नसते. ५१ पेगासीचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट भरते.

दुसरा टप्पा अंतराचा. केप्लरने १६१९ मध्ये मांडलेला तिसरा नियम येथे उलट्या बाजूने वापरायचा. ४.२३ दिवस म्हणजे ०.०११६ वर्ष, त्याचा वर्ग करून १.१ ने गुणले आणि घनमूळ काढले, की ०.०५३ हा आकडा मिळतो. म्हणजे तो ग्रह आपल्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या केवळ ५.३ टक्के, सुमारे ७९ लाख किलोमीटर अंतरावर आहे.

तिसरा टप्पा ग्रहाच्या वेगाचा. एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ ४.२३ दिवसांत पूर्ण करायचे तर ग्रहाला सेकंदाला सुमारे १३६ किलोमीटर धावावे लागते.

चौथा टप्पा समतोलाचा. थोरल्या-धाकट्या बहिणींप्रमाणे येथेही दोघांचे वस्तुमान गुणिले वेग हे गुणाकार सारखे असतात. तारा सेकंदाला ५६ मीटर फिरतो आणि ग्रह १,३६,००० मीटर. तेव्हा ग्रहाचे वस्तुमान ताऱ्याच्या सुमारे २,४०० व्या भागाएवढे, म्हणजे गुरूच्या जवळजवळ निम्मे, पृथ्वीच्या सुमारे १५० पट. ग्रहाचे एकही छायाचित्र हाती नसताना हा हिशेब पुरा होतो.

कक्षा गोल की लांबट

कक्षा वर्तुळाकार असेल तर ताऱ्याच्या वेगाचा आलेख दोन्ही बाजूंनी सारखा, एकाच चालीने वरखाली होणारा येतो. कक्षा लांबट असेल तर ग्रह ताऱ्याजवळ आला की वेग घेतो आणि दूर गेला की मंदावतो, त्यामुळे आलेखही एका बाजूने झटकन चढतो आणि दुसऱ्या बाजूने सावकाश उतरतो. या आकारावरून लंबवर्तुळ किती ताणलेले आहे ते ठरते. त्या प्रमाणाला विकेंद्रितता म्हणतात. पूर्ण वर्तुळासाठी ती शून्य असते आणि ती १ कडे झुकेल तशी कक्षा अधिक लांबट होत जाते. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रितता ०.०१७ आहे, एचडी ८०६०६ या ताऱ्याच्या ग्रहाची मात्र ०.९३ आहे, आणि १११ दिवसांच्या एका फेरीत तो ताऱ्याच्या अगदी जवळ येऊन पुन्हा जवळजवळ पृथ्वी-सूर्याइतक्या अंतरावर फेकला जातो.

‘किमान’ या शब्दाचे महत्त्व

या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. डॉप्लर परिणाम ताऱ्याचा आपल्याकडे येण्याचा किंवा आपल्यापासून जाण्याचा वेग तेवढाच दाखवतो. फुगडी समोर उभे राहून पाहिली तर मुली आलटून पालटून पुढे येताना आणि मागे जाताना दिसतात. तीच माडीवरून सरळ खाली पाहिली तर त्या फक्त गोल फिरताना दिसतात, पाहणाऱ्याच्या जवळ येत नाहीत की दूर जात नाहीत. ग्रहाची कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे ठाऊक नसेल, तर वेगाचा काही भाग मोजणीत येतच नाही, म्हणून मिळणारे वस्तुमान हे किमान वस्तुमान असते. कक्षा कोणत्याही दिशेने कललेली असण्याची शक्यता सारखीच धरली, तर खरे वस्तुमान किमान वस्तुमानाच्या दुपटीहून जास्त असण्याची शक्यता सुमारे १३ टक्के राहते.

ही उणीव अधिक्रमण भरून काढते. ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित उणावतो. याला अधिक्रमण म्हणतात. ते दिसले, की कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते आहे हे सिद्ध होते आणि ‘किमान’ हा शब्द गळून पडतो. शिवाय प्रकाश किती उणावला यावरून ग्रहाचा आकार कळतो, आणि वस्तुमान व आकार दोन्ही हाती आले की घनता काढता येते.

भारतातील उदाहरण के२-२३६ या ताऱ्याच्या ग्रहाचे आहे. केप्लर अंतराळ दुर्बिणीने त्याची अधिक्रमणे नोंदवली होती आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने माउंट अबूजवळील गुरुशिखर येथील १.२ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने ताऱ्याचा वेग मोजून २०१८ मध्ये ग्रहाचे वस्तुमान जाहीर केले. तो १९.५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्याची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे ६ पट आणि वस्तुमान सुमारे २७ पट आहे. म्हणजे त्याची घनता पाण्यापेक्षाही कमी, शनीच्या घनतेच्या आसपास भरते. मात्र शोधनिबंधातच स्पष्ट केले आहे, की मोजणीतील अनिश्चितता धरता हे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे १४ ते ४१ पटींच्या दरम्यान कोठेही असू शकते. २७ हा आकडा या पट्ट्यासह वाचला तरच त्याचा खरा अर्थ कळतो.

स्पंदकांचे ठोके

काही मृत तारे स्वतःभोवती गरगर फिरताना अतिशय नियमित रेडिओ ठोके पाठवतात. त्यांना स्पंदक म्हणतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे केंद्र असलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण अशाच स्पंदकांच्या ठोक्यांची वेळ टिपते. एखाद्या स्पंदकाभोवती ग्रह असेल तर स्पंदक कधी आपल्याजवळ येतो, कधी दूर जातो आणि त्याचे ठोके त्या मानाने थोडे लवकर किंवा उशिरा पोचतात.

१९९२ मध्ये अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल यांनी कन्या तारकासमूहातील एका स्पंदकाभोवती असे दोन ग्रह जाहीर केले. त्यांचे आवर्तकाल, म्हणजे एका फेरीला लागणारे काळ, सुमारे ६६.५ आणि ९८ दिवसांचे आहेत. यांपैकी प्रत्येक ग्रहामुळे ठोक्यांच्या वेळेत पडणारा फरक एका सेकंदाच्या सुमारे सव्वा सहस्रांशाएवढाच आहे. पुढे त्या दोन ग्रहांची एकमेकांवरील ओढही ठोक्यांत दिसून आली. ती ग्रहांच्या खऱ्या वस्तुमानांवर अवलंबून असल्याने येथेही ‘किमान’ हा शब्द टाळता आला, आणि त्यांची वस्तुमाने पृथ्वीच्या सुमारे चौपट निघाली.

चूक किती, हाही उत्तराचाच भाग

वोल्शचान यांच्या थोडे आधी, १९९१ मध्ये, अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवती सहा महिन्यांच्या आवर्तकालाचा ग्रह जाहीर केला होता. सहा महिने हा काळ पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मा आहे, हीच त्यातील धोक्याची खूण होती. पृथ्वीच्या स्वतःच्या भ्रमणासाठी करायची दुरुस्ती नीट झाली नव्हती, असे तपासात आढळले, आणि जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथे शास्त्रज्ञांच्या भर सभेत लाइन यांनी दावा मागे घेतला. तारा हलतो असे वाटत असताना प्रत्यक्षात मोजणाराच हलत असू शकतो, हे त्या प्रसंगाने सर्वांना शिकवले.

साधने सुधारली तरी हा धोका संपत नाही. ‘मित्र’ नावाच्या जोडताऱ्यातील धाकट्या ताऱ्याभोवती ३.२४ दिवसांचा, पृथ्वीएवढा ग्रह असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. त्याचा आधार होता सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाचा हेलकावा. २०१५ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा ताऱ्यावरील डाग आणि वेध घेण्याच्या वेळांतील खंड यांच्या मिश्रणातून तो हेलकावा निर्माण झाल्याचे दिसून आले. जेकब यांची चूक आणि ही चूक यांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हींचा गाभा एकच आहे: शोधायचा परिणाम मोजणीतील गोंधळाच्या पातळीवर येऊन टेकला होता.

थोडक्यात

- ग्रह आणि तारा दोघेही सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. ताऱ्याच्या हालचालीवरून ग्रहाचे वस्तुमान कळते.
- हालचाल तीन प्रकारे मोजतात: आकाशातील जागेवरून, वर्णपटातील वेगावरून आणि स्पंदकांच्या ठोक्यांवरून.
- हालचालीचा काळ आणि ताऱ्याचे वस्तुमान यांवरून कक्षेचे अंतर निघते; वेगाच्या आलेखावरून कक्षेचा आकार कळतो.
- फक्त वेग मोजला असेल तर मिळणारे वस्तुमान किमान असते. अधिक्रमण दिसल्यास ते खरे ठरते आणि घनताही कळते.
- प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चिततेचा पट्टा असतो आणि ताऱ्याच्या वस्तुमानातील चूक ग्रहाच्या वस्तुमानातही उतरते.

जेकब यांची रीत, नवा काटा

मद्रासहून निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेल्या जेकब यांनी पुणे भागात उंचावर वेधशाळा उभारण्याची योजना मांडली. ब्रिटिश संसदेने १८६२ मध्ये तिच्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले आणि स्वतः विकत घेतलेली नऊ इंची दुर्बीण वापरून तीन वर्षे काम करण्याच्या इराद्याने ते ८ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईत उतरले. परंतु १६ ऑगस्टला, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यातच त्यांचे निधन झाले.

त्यांनी अवलंबलेली जागेवरून मोजण्याची पद्धत बराच काळ मागे पडली होती. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या गाया या अंतराळ दुर्बिणीने तिला बळ दिले, कारण तेजस्वी ताऱ्यांच्या जागा ती विकलेच्या काही लक्षांश भागांपर्यंत अचूक ठरवू शकली. २०२५ मध्ये गायाच्या वेधांवरून हेरलेला आणि वेगाच्या मोजणीने पक्का केलेला एक ग्रह जाहीर झाला. त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे १२ पट आणि आवर्तकाल सुमारे ५७० दिवसांचा आहे. जागेवरून मोजताना कक्षेचा कलही कळतो, त्यामुळे येथे किमान वस्तुमानावर थांबावे लागत नाही.

वर्तमानपत्रांत ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ अशी बातमी येते तेव्हा वाचकाने तीन प्रश्न विचारायला हवेत: दिलेले वस्तुमान किमान आहे की खरे, त्याच्या अनिश्चिततेचा पट्टा किती रुंद आहे, आणि ज्या ताऱ्यावरून ते काढले त्या ताऱ्याचे वस्तुमान किती खात्रीने ठाऊक आहे. १८५५ मधील दावा या कसोट्यांवर टिकला नाही आणि २०२५ मधील टिकला, यामागे दोन्हींतले तत्त्व वेगळे असण्याचा प्रश्न नाही. मधल्या काळात माणूस आपली चूक मोजायला शिकला आणि ग्रहांची वजने त्यामुळेच विश्वासार्ह झाली आहेत.